एका ओळीची जागा

नव्वद सालानंतरची गोष्ट. बोईसरच्या आमच्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता, आणि त्याच्या गारेगार खोलीत साहेबसुद्धा चपला बाहेर काढून यायचे. देवळात काढत होते की नाही, कोण जाणे! त्या देवाचा पुजारी मी. चिंचणीहून एसटीने लोंबकळत यायचो, पण ऐट अशी की विचारू नका.

कामगारांची यादी माझ्याकडे. गैरहजर माणूस यादीत नको, असा साहेबांचा नियम. पण नाव खोडलं तरी ते जात नसे. नुसती खूण पडायची आणि ते आत जागा अडवून बसायचं. ‘पॅक’ची आज्ञा दिली की मात्र कायमचं जायचं. ती आज्ञा मी मुद्दाम देत नसे. जव्हारकडची माणसं पावसाळ्यात भाताच्या आवणीला गावी जायची, तेव्हा मी नावं खोडायचो. दिवाळीनंतर परतली की खूण काढून टाकायचो. जुना नंबर, जुनी तारीख, सगळं जागच्या जागी.

त्यातले एक काका बॉयलरवर होते. अकरा वर्षं झाली होती. बारावं भरलं की कायम करू, असा साहेबांचा शब्द होता. दरवर्षी परतले की पहिल्यांदा माझ्या दाराशी येऊन नाव आहे ना, तेवढं विचारायचे.

मग डिस्क भरली. मुंबईच्या ऑफिसने उंटावरून शेळ्या हाकत वेळापत्रक पाठवलं: दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पॅक. साहेबांनी ते फ्रेम करून भिंतीवर लावलं. पावसाळ्यात नको, असं मी एकदा म्हणून पाहिलं. त्यांनी फ्रेमकडे बोट दाखवलं आणि मी शेपूट घातलं.

जुलैत पॅक केलं. चहा येईपर्यंत उरकलंसुद्धा. जुन्या यादीची नक्कल जपून ठेवलेली एकुलती एक फ्लॉपी होती, तिच्यावरही वेळापत्रकाप्रमाणे नवी यादी चढली. जुने हजेरीपट साहेबांनी कॉम्प्युटर आला त्याच आनंदात रद्दीत घातले होते. मोकळ्या झालेल्या जागेत त्यांनी पत्त्यांचा खेळ भरून घेतला.

दिवाळीनंतर काका आले, माझ्यासाठी नव्या तांदळाची पुरचुंडी घेऊन. नाव कुठेच नव्हतं. साहेब खेळत होते. मान वर न करता म्हणाले, “रेकॉर्ड नाही ना? मग नवीन माणूस म्हणून घ्या.”

त्यांचा डाव संपल्यावर मी घेतलं. नवा नंबर, रुजू झाल्याची तारीख आजची. म्हणजे बारा वर्षं पुन्हा पहिल्यापासून. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण बोटं चालूच होती.

काका अनवाणीच होते, तरी उंबऱ्याच्या आत आले नाहीत. जागा कमी पडली म्हणून नावं काढली, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी त्या यंत्राकडे बघत विचारलं,

“माज्या नावाला लय जागा लागत व्हती काय, भाऊ?”

एक ओळ लागत होती.