न उघडलेला डबा

आमच्या राजेंद्र नगरात शेजारणीने दिलेला डबा नाकारत नाहीत आणि रिकामा परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर निदान चिमूटभर साखर घालतात. शेजारच्या काकूंचं आणि माझं हे देणंघेणं वर्षानुवर्षं चालू होतं. त्या हौसेने करायच्या, मी आळसाने. मी डब्यात घातलेली लिंबं बहुतेक वेळा त्यांच्याच झाडाची असायची, पण त्यांनी ते कधी चेहऱ्यावर दाखवलं नाही.

मी कुटुंब सल्ला केंद्रात काम करते. आमचे दोन नियम फार कडक. आमच्याकडे कोण आलं, काय बोललं, ते त्या माणसाच्या परवानगीशिवाय सांगायचं नाही; आलं होतं, एवढंसुद्धा नाही. आणि केसमधल्या कोणाच्याही घरचं काही खायचं-प्यायचं नाही. हे मी काकूंना एकदा मोठ्या तोऱ्यात ऐकवलं होतं. त्या हसल्या होत्या, "चल, अच्छा झालं, माझी काही केस नाही."

मग एका दुपारी काकूंची सून माझ्यासमोर येऊन बसली. ओठ फुटलेला. ओळखीच्या माणसाची केस घेऊ नये, म्हणून मी तिला सहकारी बाईंकडे नेऊ लागले, तर जागची हलेना. "ताई, तुम्ही आहात म्हणून आले. नाही तर मी वापस जाते." मी दार लावून घेतलं आणि तिचं ऐकत बसले.

त्या दिवशी ती घरी गेली नाही. तिची एके ठिकाणी सोय झाली. कुठे, ते मी इथेही लिहिणार नाही. जाताना म्हणाली, "आईंना पण नका सांगू. त्या खूप चांगल्या आहेत, पण त्यांच्या मुलाने दोनदा विचारलं ना, की त्यांच्या पोटात काही राहत नाही. आणि त्याला पता लागला तर तो मला ओढत आणेल."

मी शब्द दिला. शब्द देताना आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे, हे मी विसरले होते. त्या भिंतीतून काकू देवापुढे बसून सुनेचं नाव घेताना ऐकू यायच्या. तिसऱ्या सकाळी त्या माझ्या दारात आल्या. डोळे सुजलेले.

"अगं, तुझं तर कामच हे आहे. तिची काही खबर लागली का? कुठे आहे ते नको सांगू. बस, जिंदा आहे ना? नुसती मान हलव."

मान हलवायला काय लागतं! माझी हलली नाही. "काकू, मी कामातलं काही बोलत नाही," म्हणाले. माहीत असो वा नसो, आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. त्या गेल्या आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. रागच फार होता. त्या मुलाचा, नियमाचा, आणि असा मुलगा वाढवला म्हणून काकूंचाही. स्वतःच्याच घरात मला कोंडून घातल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्या कुंपणावरून डबा देऊन गेल्या. भुट्ट्याचा कीस, कोवळ्या मक्याचा. सुनेला फार आवडायचा. काकूंच्या घरचं आता मला चालत नव्हतं. मी झाकणसुद्धा उघडलं नाही. तसाच नेऊन त्यांच्या हातात दिला आणि पोटाचं काहीतरी कारण सांगितलं.

काकूंनी डबा हलवून पाहिला. भरलेला. माझ्याकडे पाहिलं. मग त्या पायरीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावून हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता मी केसवाली झाले."

मानेने जे सांभाळलं होतं, ते हातांनी सांगून टाकलं होतं. एक नियम पाळायला गेले आणि दुसरा मोडून बसले.

केंद्रात पोचल्या पोचल्या सुनेला फोन केला आणि आईंना संशय आला आहे, असं स्पष्ट सांगितलं. "मग मी इथून निघू का?" तिने विचारलं. दुसरी जागा शोधते, म्हटलं. दिवसभर फोन केले. जागा मिळाली नाही.

संध्याकाळी घरी आले तर फाटकाशी काकूंचा मुलगा, गाडी चालूच ठेवून. काकू त्यांच्या ओट्यावर उभ्या.

"ताई, ती तुमच्याकडे आली होती का? सच बोला."

"मी कामातलं बोलत नाही."

तो आईकडे वळला. "तुला काही बोलली का ही?"

मी फाटकाची कडी घट्ट धरून ठेवली.

"आई, मी पूछतोय."

दोनदा विचारून झालं होतं.

"हिला काय पूछतोस?" काकू इतक्या मोठ्याने ओरडल्या की समोरच्या खिडकीत माणसं आली. "मी डबा दिला, तर हिने न उघडता तोंडावर वापस केला. शेजारणीचा डबा घ्यायची तमीज नाही हिला! हिच्याकडे कोण येईल आपलं दुःख घेऊन?"

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पटल्यासारखं हसला आणि निघून गेला. काकू आत गेल्या. माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही.

त्यानंतर डबा आला नाही. हळदीकुंकवाला काकू तो किस्सा सगळ्यांना सांगतात, मुलगा घरात असला तर जरा मोठ्यानेच. बायका माझ्याकडे बघून हसतात. मी वाण घेते आणि खाली मान घालून बसते. काकूंचे आभार मानायचे आहेत, पण ते मानले तर मान हलवल्यासारखंच होईल.