हिरामावशीने सांगितलेली तीन झाडं

हिरामावशीने मला फसवलं. ती जाऊन पाच आठवडे झाले आणि या पाच आठवड्यांत जो भेटतो तो तिच्याबद्दल चांगलंच बोलतो, म्हणून हे आधी लिहून टाकतो. हिवतापावरच्या औषधाची तीन झाडं तिने मला सांगितली आणि चौथं लपवलं. निदान आठ वर्षं मी तसंच समजत होतो. आता तेही खात्रीने सांगता येत नाही.

बातमी माझ्या बायकोने आणली. कल्याणला माझं काष्ठौषधीचं दुकान आहे. मी गुळवेलीचे तुकडे पोत्यात भरत होतो. सुशीला पायरीवरूनच म्हणाली, "मावशी गेल्या. मी कोपरला निघालेय. तुम्हाला यायचं तर या." मी म्हटलं, मी येणार नाही. मग शटर ओढलं आणि तिच्या मागोमाग गेलो... तिथे खाडीच्या बाजूला, सगळ्यांपासून लांब उभा राहिलो. मी रागाने आलो होतो की आणखी कशाने, ते मला कळेना.

सुरुवात मात्र सरळ होती. मी साताऱ्याकडच्या एका खेड्यातून आलेलो. कल्याणजवळच्या मोहने गावच्या चाळींत खांद्यावर पिशवी टाकून हिरडा-बेहडा विकला, मग रस्त्यावर पोतं अंथरलं, मग दुकान झालं. घासाघीस करण्यात मला कोणी हरवलं नव्हतं. कोपर गावची ही कोळीण, हिरामावशी, एक दिवस मासळीच्या पाटीत सातविणीची साल घेऊन आली. मी साल हातात घेतली न घेतली तोच म्हणालो, "जुनी आहे." तिने एक कपचा मोडला आणि मला काही कळायच्या आत माझ्या ओठांत कोंबला. कडूजहर! मी गटाराकडे धावलो. मागून ती म्हणाली, "जुनी हाय ना? मग थुकतंस कनाला, शेट?" शेजारचे दुकानदार हसले. त्या दिवशी तिने मागितला तो भाव मी दिला. त्यानंतर ती मला कायम शेटच म्हणायची आणि ते नेहमी चिडवणंच असायचं.

दोन पावसाळ्यांनी मला हिवतापाने गाठलं. हुडहुडी अशी भरायची की दुकानातल्या बरण्या वाजताहेत असं वाटे. सुशीला मला मावशीच्या घरी घेऊन गेली. तिथे माणसं रांगेने बसलेली असत. मावशीची एक रीत होती. काढ्याचा पहिला घोट ती स्वतःच्या हाताने पाजायची आणि म्हणायची, "आता दवाखान्यान जा, काचेवर रगत दे. चिठ्ठी मना आनून दाखव. मगच दुसरा घोट." तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तरी चिठ्ठी उलटसुलट करून बघायची आणि देवाच्या फळीवर ठेवायची. चिठ्ठी नसेल तर माणूस कितीही कण्हो, त्याला ती परत पाठवायची. मी रक्त दिलं, दवाखान्यातल्या गोळ्या घेतल्या, काढाही प्यालो आणि बरा झालो. कशाने, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. गोळ्या नुसत्या गिळल्या होत्या, काढ्याची चव मात्र आठवडाभर जिभेवर होती. मी सगळं श्रेय काढ्याला दिलं.

मग मी त्या औषधाच्या मागे लागलो. तिच्या घरावर नवे पत्रे घालून देतो म्हटलं, मुलाला, दत्तूला, दुकानात घेतो म्हटलं. ती मासळीवर मीठ घालत ऐकून घ्यायची. "ह्या सांगायचा ते एकालाच. आनि तो ईकनार नसंल तं. ईकलाव का झाराचा गुन जातो." औषध सांगायचं एकालाच, आणि ज्याने घेतलं त्याने ते विकायचं नाही; विकलं की झाडाचा गुण जातो. आयुष्यात मी प्रत्येक अटीतून वाट काढली होती. चार वर्षांनी एकदा ओहोटीच्या वेळी ती मला खाडीवर घेऊन गेली, माझ्या ओंजळीत पाणी दिलं आणि म्हणाली, "बोल, ईकनार नाय." मी बोललो. मग तिने सांगितलं : सातविणीची साल, काडेचिराईत, गुळवेल. कशाचं किती आणि किती उकळायचं तेही सांगितलं. शेवटी म्हणाली, "आनि रगत देल्याबिगर दुसरा घोट नाय." मी मान हलवली. झाडं तेवढी लक्षात ठेवली.

महिन्याभरात माझ्या दुकानात हिवतापाच्या पुड्या लागल्या. मी शब्द मोडला, हे मान्य करतो. पण दवाखान्यात जाऊन रक्त दे हे पुडीत कसं बांधणार? मला ती म्हातारीची एक खोड वाटली, गिऱ्हाईक ताब्यात ठेवायची. मावशी एकदा दुकानात आली, पुडी उचलली, वास घेतला, परत ठेवली. "बरी बांधलीस," एवढंच म्हणाली आणि गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढच्याच पावसाळ्यात सुशीलाला ताप आला. मी माझीच पुडी उकळून तिला देत राहिलो, चार दिवस. ती म्हणत होती, "अहो, एकदा रक्त तपासू या." मी म्हणत होतो, "घरात औषध असताना?" पाचव्या दिवशी ती मला ओळखेना. ठाण्याच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मलेरिया डोक्यात गेलाय. ती वाचली, पण डाव्या कानाने ऐकू येणं बंद झालं. तापाने झालं की तिथल्या औषधाने, ते डॉक्टरांनाही नक्की सांगता आलं नाही.

तिला घरी आणलं त्याच दिवशी मी कोपरला गेलो आणि अंगणात उभा राहून ओरडलो. "तुझ्या काढ्यात आणखी काहीतरी होतं. ते तू माझ्यापासून लपवलंस!"

मावशी बाहेर आली. "रगत कवा देलंस तिचा?"

"मी औषधाचं विचारतोय."

"मी पन औषधाचाच ईचारतंय."

मी तिला नको ते बोललो. ती रडली नाही, रागावलीही नाही. सुशीला कोणत्या कुशीवर निजते, पाणी पिते का, असलं काहीबाही विचारत राहिली. मी पाठ फिरवली. पुन्हा तिच्या दारात गेलो नाही. पुड्या मात्र त्याच दिवशी नाल्यात टाकल्या.

आठ वर्षं मी हिशेब जुळवतोय. मी विकणार हे ओळखून तिने चौथं झाड राखलं असेल? की मी विकलं म्हणून खरंच गुण गेला? की त्या झाडांत ताप हटवण्याची ताकद कधीच नव्हती, गोळ्याच बरं करत होत्या? आणि हे मावशीला ठाऊक होतं? तसं असेल तर ती रांगेतल्या सगळ्यांनाच फसवत होती आणि त्यामुळेच ती माणसं जगली. मग या फसवणुकीला काय म्हणायचं? एवढी वर्षं झाडपाला विकूनही मला सांगता येत नाही...

एवढ्या काळात सुशीला तिच्याकडे जात राहिली, मला न लपवता. बाराव्याला मी दत्तूला गाठलं. "मावशीने जाताना औषध कोणाला सांगितलं?"

तो म्हणाला, "मना नाय सांगितला. तुमच्या घरानच हाय ना. वहिनीला सांगितलाय, झाली तीन वर्सा."

घरी येऊन मी सुशीलाला विचारलं, "चौथं झाड होतं का?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तर तुम्ही पुडी बांधाल." मी शपथ घेतो म्हटलं, तर हसली. म्हणाली, "ओंजळीत पाणी घेऊन?"

गेल्या आठवड्यात खालच्या मजल्यावरची बाई तापाने फणफणत आमच्या दारात आली. सुशीलाने तिला एक घोट पाजला आणि म्हणाली, "आता दवाखान्यात जा. चिठ्ठी मला आणून दाखव." माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या देखत. पातेल्यात काय उकळत होतं ते मी पुढे होऊन बघितलं असतं तर वासानेच ओळखलं असतं, माझा जन्म त्यात गेलाय. मी पुढे झालो नाही.

सुशीला, घरात तू मला उत्तर देत नाहीस. वर्तमानपत्राची ही पुरवणी मात्र तू दर रविवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतेस, म्हणून इथे चारचौघांत विचारतो. झाडाचं नाव मला नको, ते तुझ्यापाशीच ठेव. ते चार दिवस मी तुला पाजलं, त्यात काही कमी होतं का? मावशीने ठेवलेलं कमी, की मी ठेवलेलं? तिने तुला नक्की सांगितलं असणार. ती गेली, आता तुलाच उत्तर द्यावं लागेल.