"मले"चं "मला" झालं तेव्हा

मागच्या महिन्यातली गोष्ट. सकाळी लायब्ररी उघडून पंखा लावते न लावते तोच रूपाली दारात... चेहरा पार उतरलेला.

रूपाली अमडापूरची. आमच्या चिखलीच्या कॉलेजात पीएचडी करते, विषय कापूस वेचणाऱ्या बायांची वऱ्हाडी बोली. मी इथली ग्रंथपाल. पूर्वी पोरं विचारायची, "मॅडम, हे पुस्तक आहे का?" आता विचारतात, "हे एआयनं लिहिलेलं नाही, हे कसं सिद्ध करू?" काळाचा महिमा, दुसरं काय!

तिचा शोधनिबंध एका नियतकालिकाने परत पाठवला होता. मुलाखती खऱ्या वाटत नाहीत, एआयने रचल्याची शंका येते, असा शेरा.

"मॅडम, मी सोता वावरात जाऊन रेकॉर्ड केलं. अन् हे मले खोटारडी म्हणून राह्यले!" तिच्या डोळ्यांत पाणी. खरं सांगते, मलाही रागच आला.

म्हटलं, रेकॉर्डिंग लाव. मोबाईलमधून तिची आत्या बोलू लागली, "मले काऊन इचारतं वो माय? मले काय येते!" आणि निबंधात तेच वाक्य... "मला का विचारतेस गं? मला काय येतं!"

आत्या वावरातून थेट पुण्याला पोचली होती.

पाठवण्याआधी रूपालीने अख्खा निबंध एआयला दिलेला, नुसतं शुद्धलेखन तपासायला. त्याने बायाही शुद्ध करून टाकल्या. तुझ्या लक्षात कसं आलं नाही, असं विचारलं तर म्हणाली, "आलं ना मॅडम. मले वाटलं, छापायचं म्हणजे असंच पाहिजे."

मशीनला तरी किती नावं ठेवायची? शाळेत आमच्या बाईंनी हेच तर केलं होतं.

मग एकेक इअरफोन कानात घालून दोघी बसलो. "मले", "तुले", "काऊन" सगळं परत जागेवर आणलं. स्क्रीनवर लाल रेघाच रेघा! सोबत रेकॉर्डिंगही पाठवलं.

काल उत्तर आलं. शंका मागे, निबंध स्वीकारला. रूपालीने लायब्ररीतूनच स्पीकरवर आत्याला फोन लावला, "आत्या, तुयं बोलणं छापून येऊन राह्यलं!"

आत्या म्हणाली, "हाव काय? मंग थोडं शुद्ध करून छापजो माय... लोकं हासतीन."

आम्ही दोघी हसलो. तेव्हा सुचलं नाही, म्हणून इथे लिहिते... आत्या, तुमचं पहिल्यापासून शुद्धच आहे.