वरच्या बाई आणि न ऐकणारं पिल्लू

गोदीत त्यांना सगळे ‘वरच्या बाई’ म्हणायचे, कारण त्या कायम वरच असायच्या. मालाच्या पेट्या उचलणाऱ्या उंच क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये बसून त्यांनी उभं आयुष्य काढलं. नव्या असताना खालचे हमाल माना वर करून खिदळायचे, “आज कुणाच्या टाळक्यात पेटी पडणार रे?” म्हणायचे. मग एकदा काचसामानाची भलीमोठी पेटी बाईंनी जमिनीवर अशी टेकवली, की आतल्या पेल्यांना प्रवास झाल्याचा पत्तासुद्धा लागला नाही. त्या दिवसापासून खिदळणाऱ्यांची तोंडं बंद झाली ती झालीच.

खाली उभा राहून त्यांना हातांनी इशारे देणारा एक तरुण होता. उचला, डावीकडे, हळू, थांबा. यंत्रांच्या गोंगाटात बोललेलं ऐकू येणं शक्यच नव्हतं, त्यामुळे बाईंची नजर दिवसभर त्याच्या हातांवर खिळलेली असायची. शेवटी त्यांनी त्याच्याशीच लग्न केलं. “मला हिचा आवाज कसा आहे ते लग्नानंतर कळलं,” असं तो माणूस, म्हणजे आताचे आजोबा, पाहुण्यांना हमखास सांगतात. “आधी कळलं असतं तर विचार केला असता,” हेही जोडतात, आणि बाई न चुकता डोळे वटारतात.

दोघंही निवृत्त झाली. आजोबांना त्याचं काहीच वाटलं नाही, पण बाईंना घर खायला उठायचं. भांड्यांची मांडणी बदलून झाली, पडदे धुऊन झाले, खिडकीत बसून रस्त्यावरच्या गाड्या कोण कशा वाईट लावतं यावर शेरे मारून झाले. अशातच एका दुपारी मुलगा पुठ्ठ्याचा खोका घेऊन दारात उभा राहिला. खोक्यात कुत्र्याचं पांढरंशुभ्र पिल्लू होतं. एका कानावर शाई सांडल्यासारखा काळा डाग, म्हणून त्याचं नाव शाई.

“आई, हे तूच बघ आता,” मुलगा म्हणाला. त्याच्या पँटचा काठ फाटलेला होता. “नाकी नऊ आणलेत. चावतं, कुठेही घाण करतं, आणि हाका मारून घसा कोरडा पडला तरी ढुंकून बघत नाही. परवा झोपलेलं असताना आमच्या छोटीने हात लावला, तर तिच्यावरच धावून गेलं. थोडक्यात वाचली. तुझ्या सूनबाईंनी सांगितलंय, याला देऊन टाका.”

“देऊन टाका म्हणजे? ते काय जुनी खुर्ची आहे?” बाई म्हणाल्या आणि खोका आत घेतला.

पण पहिल्या आठवड्यात त्यांनाही घाम फुटला. शाईने आजोबांच्या चपलेचा अंगठा खाल्ला, टेबलाचा पाय कुरतडला, आणि खेळता खेळता बाईंच्या हातावर बारीक दातांची नक्षी काढली. बाई “नाही!” म्हणून गरजल्या की ते दुप्पट जोमाने हाताला लोंबकळायचं. त्यात पोट फुगलेलं, हगवण लागलेली, आणि एका सकाळी ओकारीत शेवयांसारखे जंत दिसले. तेव्हा मात्र बाईंनी त्याला टॉवेलात गुंडाळलं आणि तडक प्राण्यांचा दवाखाना गाठला.

तिथली डॉक्टर तरुण होती, हात चटपटीत. तिने वजन केलं, पोट चाचपलं, जंतांचं औषध दिलं. “पिल्लांना हे होतंच. मऊ भात आणि उकडलेलं चिकन थोडं थोडं द्या, पाणी भरपूर. पुन्हा ओकलं किंवा मलूल झालं तर वाट बघत बसू नका, लगेच या. आणि चावलं की खेळ तिथेच बंद करायचा, हात काढून पाठ फिरवायची. चावायला दुसरं काहीतरी द्यायचं.”

बाईंनी सगळं तंतोतंत केलं. झोपून उठलं की बाहेर, जेवलं की बाहेर, योग्य जागी काम उरकलं की लगेच चिकनचा तुकडा. हगवण थांबली, अंगावर मूठभर मांस चढलं, घरातली घाणही जवळजवळ बंद झाली. पण हाक काही ते ऐकेना. हाक मारली तरी ढिम्म, आणि झोपेतून उठवलं की अंगावर येणं तसंच.

एका सकाळी बाईंच्या हातून पातेल्याचं झाकण सुटलं. फरशीवर असा खणखणाट झाला, की आजोबा वर्तमानपत्र टाकून धावत आले. शाई मात्र कोपऱ्यात उशीवर गाढ झोपलेलं होतं. त्याचा कानसुद्धा हलला नाही.

बाई तिथेच उभ्या राहिल्या. मग पिल्लाच्या मागे जाऊन त्यांनी टाळी वाजवली. काही नाही. शिट्टी वाजवली. काही नाही.

दुपारी पुन्हा दवाखाना. डॉक्टरने पिल्लाच्या नजरेआड किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवला, वेगवेगळे आवाज काढून पाहिले, कानांत दिवा टाकून तपासलं. मग खुर्ची ओढून बाईंच्या समोर बसली.

“तुम्ही म्हणालात ना, ऐकत नाही? त्याला खरंच ऐकू येत नाही. काही पांढरी पिल्लं जन्मतःच अशी असतात. पक्कं सांगायला मोठी तपासणी लागते, पण मला तरी शंका वाटत नाही.”

बाईंनी शाईला मांडीवर घेतलं. आपण या जिवावर ओरडत होतो, आणि त्याला दिसत होतं ते फक्त उघडं तोंड. “म्हणून झोपेत हात लावला की घाबरतं?”

“हो ना. त्याच्यासाठी कुणीतरी एकदम आभाळातून पडतं. उठवायचं असेल तर आधी नाकाजवळ हात धरा, वास येऊ दे. मग हळूच पाठीवर बोट, आणि डोळे उघडले की खाऊ. लहान मुलांजवळ एकटं सोडू नका. रस्त्यावर पट्टा कधीच सोडायचा नाही. बाकी ते सगळं शिकेल, फक्त हातांच्या खुणांनी शिकवावं लागेल.”

आजोबा इतका वेळ दाराशी उभे होते. ते एकदम खुदकन हसले. डॉक्टर गोंधळून बघत राहिली, आणि बाईंचे कान लाल झाले.

पण ते वाटलं तितकं सोपं निघालं नाही. बाईंनी आयुष्यभर इशारे वाचले होते, स्वतः कधी दिले नव्हते. त्या एकाच वेळी हात हलवायच्या, मान डोलवायच्या, वर बोलायच्याही. शाई त्यांच्याकडे टकमक बघायचं आणि जांभई द्यायचं.

“अहो बाई, हे काय चाललंय? वारा घालताय का त्याला?” आजोबा म्हणाले. “इशारा एक, अर्थ एक. हात छातीपासून लांब, स्वच्छ दिसेल असा. आणि केला की तिथेच ठेवायचा.”

“तुम्ही मला शिकवणार?”

“मीच तर शिकवणार. मी चुकलो असतो तर तुम्ही गोदामाची भिंत पाडली असती.”

मग रोज सकाळी अंगणात तिघांची शाळा भरायला लागली. तळहात खाली दाबला की बस. हात छातीकडे ओढला की ये. दोन्ही हात आडवे पसरले की आहेस तिथे थांब. शाबासकीला अंगठा वर, आणि लगेच तुकडा. सगळ्यात जास्त तुकडे मिळायचे ते एका गोष्टीला: शाईने आपण होऊन बाईंकडे वळून बघितलं की. नजरच नसेल तर इशारा कुणासाठी, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. घरात बोलवायचं झालं की त्या पाय आपटायच्या. बाहेरच्या खोलीतल्या लाकडी जमिनीची थरथर शाईच्या पंजांना कळायची आणि ते मान वर करायचं.

मध्ये एकदा घाईत बाईंनी झोपलेल्या शाईला तसंच उचललं आणि बोटातून रक्त काढून घेतलं. आजोबा चिडले. बाई बोट नळाखाली धरून म्हणाल्या, “चूक माझी. त्याला काही बोलायचं नाही.” माणसांच्या दवाखान्यात जाऊन सुई टोचून घेऊन आल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून झोपेतून उठवण्याचा सराव आणखी वाढवला. हळूहळू अशी वेळ आली, की पाठीवर बोट टेकलं की शाई डोळे मिटूनच शेपूट हलवायला लागलं.

पिल्लू थोराड झालं तेव्हा मुलगा बघायला आला. तिघं शाईला घेऊन जवळच्या मैदानावर गेली. लांब दोरी लावलेली होती, शाई पुढे पळत होतं, आणि अचानक दोरीची कडी निखळली. समोर कबुतरं, कबुतरांच्या पलीकडे रस्ता, आणि वळणावरून एक मालट्रक येत होता.

“थांब! अरे थांब!” मुलगा जिवाच्या आकांताने ओरडत धावला.

बाई धावल्या नाहीत. पाय घट्ट रोवून त्यांनी दोन्ही हात आडवे पसरले आणि तसेच धरून ठेवले. शाई पळता पळता, सवयीने, मागे वळून बघणार हे त्यांना ठाऊक होतं. आणि त्याने बघितलं. जागच्या जागी थबकलं. बाईंचा तळहात खाली गेला, तसं गवतावर टेकून बसलं. ट्रक धुरळा उडवत निघून गेला.

बाई सावकाश चालत गेल्या, गळ्यातला पट्टा धरला. मगच त्या तिथेच गवतात बसल्या. शाई त्यांचं तोंड चाटत होतं. मुलगा धापा टाकत आला आणि बाईंशेजारी बसला. म्हणाला, “आई, मला पण शिकव. तुझ्या सूनबाईंना पण घेऊन येतो.”

“या. पण ते आता राहणार इथेच,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पाहुणे म्हणून यायचं.”

आजोबांनी ही गोष्ट तोवर अर्ध्या गल्लीला सांगितली असावी, कारण दुसऱ्या दिवशी पाववाल्यानेही बाईंना विचारलं. बाईंनी “त्यात काय एवढं” म्हणून हात झटकला. पण घरी परत येताना त्या जरा ताठच चालत होत्या.

पुढे काही महिन्यांनी दवाखान्यातून फोन आला. “आजी, माझ्याकडे एक जोडपं बसलंय. त्यांचं पिल्लूही शाईसारखंच आहे, ऐकू न येणारं. दोघं रडकुंडीला आली आहेत. मी औषधं देईन, पण रोजचं कसं करायचं ते तुमच्याकडे बघायला पाठवू का?”

“पाठवा की,” बाई म्हणाल्या. “पिल्लू उपाशी असू दे म्हणावं. भरल्या पोटी कुणी शिकत नाही.” आणि फोन ठेवून त्या चिकन उकडायला लागल्या.