अव्वांची चिनी मालिका

आज बसवकल्याणच्या शाळेत शिकवून घरी आले तेव्हा पाय उचलत नव्हते. तरी मोबाईल लावलाच. सध्या एक चिनी मालिका बघतेय. देवलोकातली मुलगी, तिचा लढाईत गेलेला नवरा, आणि तो पुन्हा जन्म घेईल म्हणून तिचं वाट बघणं. तुमच्यातल्याही कितीतरी जणी बघत असतील.

अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, शेजारी बसतात. खालची इंग्रजी अक्षरं वाचून मी त्यांना मराठीत सांगते. आज दमले होते, म्हणून दोन-तीन वाक्यं गाळली.

अव्वांनी लगेच पकडलं. "एवढा वेळ बोलली की ती. तू एवढंच कामून सांगायलीस?"

"ती म्हणायलीय, मागच्या जन्मी तू माझा नवरा होतास. त्याला काहीच आठवत न्हाई."

अव्वा म्हणाल्या, "लबाड आहे सगळं. गेलेलं माणूस परत येतंय व्हय?"

आम्ही लिंगायत. आमच्यात माणूस गेला की लिंगैक्य झाला म्हणतात. तो शिवात मिसळला, त्याला पुन्हा जन्म नाही. मागच्या वर्षी माझा नवरा गेला, तेव्हा हेच सांगून अव्वांनी मला सावरलं होतं. मुलगा त्यांचा होता.

मी मोबाईल बंद करायला गेले, तर त्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ दे. पुढचा भाग लाव. त्याला आठवतंय का बघू."

शेवट ठाऊक असेल तर इथं लिहू नका. फक्त एक सांगा. त्याला शेवटपर्यंत आठवलंच नाही, तर अव्वांना मी खरं सांगू का?