पी आणि क्यू

सातपूरच्या एका कारखान्यात १९८६ साली कॉम्प्युटर आला, तेव्हा मल्हारी पगारे नुकताच बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आला होता. वाफेची टाकी किती मिनिटं तापवायची आणि झाकण उघडण्याआधी किती मिनिटं निवू द्यायची, याची चिठ्ठी छापणारा प्रोग्राम त्याने लिहिला. तापवायची मिनिटं पीमध्ये, निवायची क्यूमध्ये. कोणत्या अक्षरात काय आहे, याचे शेरे त्याने प्रोग्राममध्येच घातले होते.

मशीनची मेमरी पुरेना, तेव्हा त्याचे वरिष्ठ गोसावीसाहेब म्हणाले, "पगारे, हे शेरे काढून टाका. तुम्हाला पाठ आहे ना सगळं?"

मल्हारीने ते काढले, वहीतही उतरवून ठेवले नाहीत.

पुढे त्याची बदली स्टोअरला झाली. नव्या माणसाने प्रोग्राम बदलताना पी आणि क्यू नेमके उलटे धरले. निवायला चाळीसच्या जागी दहा मिनिटं छापून आली. टाकीवरचा कामगार पुंजा गांगुर्डे याने चिठ्ठीप्रमाणे झाकण उघडलं आणि वाफेने भाजून तिसऱ्या दिवशी तो गेला.

ती चिठ्ठी पाहताच मल्हारी समजून चुकला. चौकशीत पुंजाचाच निष्काळजीपणा ठरत आला होता. मल्हारी न बोलावता आत गेला.

"शेरे मी काढले," तो म्हणाला. गोसावी टेबलाकडे बघत राहिले.

पुंजावरचा ठपका गेला, मल्हारीची नोकरीही गेली. फाटकाशी पुंजाची बायको साळूबाई उभी होती.

"चिठ्ठी वाचल्याबिगर त्यांनी कधी झाकणाला हात लावला नाय," ती म्हणाली. "लय जपून असायचे."

मल्हारीला मान वर करवली नाही.