आफ्रिकेहून आणलेली खोली

दुर्गाला रंजीताचं काहीच खपत नसे. आरमोरीची दुर्गा आणि ब्रह्मपुरीची रंजीता एकाच वर्गात शिकून नर्स झाल्या आणि एटापल्लीकडच्या जंगलात एकाच धर्मादाय दवाखान्यात लागल्या. काम सारखं, पगार सारखा. पण संस्थेनं इथिओपियाला पाठवायला एक नर्स निवडली, ती रंजीता. तेव्हापासून दुर्गाच्या पोटात जे दुखायला लागलं ते लागलंच.

त्याला कारणही होतं. मागच्या पावसाळ्यात नाल्यापलीकडच्या पोचूची बायको मंगली ऐन कळांमध्ये नाल्याकाठी अडकली, तेव्हा चिखलात तिच्याजवळ दुर्गा बसली होती. पूर ओसरेपर्यंत बाळ गेलं. आणि अशा बायकांसाठी दुसरीकडे काय करतात हे बघायला गेली कोण, तर रंजीता!

"तिथी बी रस्ता नाई, पूल नाई म्हणे. हे पाहाले विमानानं जा लागते का? आपल्या खिडकीतून दिसते," दुर्गा जेवताना सगळ्यांना ऐकवायची.

रंजीता परत आली ती एक कल्पना घेऊन. तिकडे दिवस भरत आलेल्या बायका आधीच दवाखान्याजवळ येऊन राहतात, आपली चूल मांडून रांधून खातात. डॉक्टरांना पटलं. आवाराच्या मागच्या टोकाला, शांत जागी, एक खोली उभी राहिली. नारळ रंजीतानं फोडला. दुर्गाला ते खोबरं कडू लागलं.

पाऊस तोंडावर आला तरी खोलीकडे कोणी फिरकेना. "काय रंजीता, पाहुण्या झोपल्या का?" दुर्गा येता-जाता विचारायची. रंजीताचा चेहरा पडला की हिला दोन घास जास्त जात.

मग मंगलीला पुन्हा नववा लागला, आणि तीही येईना. आता दुर्गाचं हसू आटलं. ती नाला ओलांडून मंगलीच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"येत काऊन नाई वो?"

"ते तं कुर्मा आहे, बाई," मंगली मोहाच्या बिया फोडत म्हणाली. "सगळ्याइच्या मागं, एकटी खोली. पोरगं व्हायच्या आधीच तिथी कशी बसू? सासू बी पाय नाई ठेवणार."

पाळीच्या दिवसांत आणि बाळंतपणानंतर बायकांना वेगळं बसवतात ती गावाच्या कडेची झोपडी म्हणजे कुर्मा. दवाखान्यानं हुबेहूब तीच बांधून ठेवली होती, आणि इतके दिवस खिदळणाऱ्या दुर्गाच्याही ते लक्षात आलं नव्हतं.

परतताना वाटभर तिचं स्वतःशीच भांडण चाललं. सांगितलं तर खोली भरणार आणि नाव रंजीताचं होणार. नाही सांगितलं तर पुन्हा तो नाला. आवारात शिरताच तिनं रंजीतालाच झापलं.

"आफ्रिका पाहून आली, इथचा कुर्मा नाई दिसला तुले?"

सगळं ऐकून रंजीता म्हणाली, "नाई दिसला. मंग तू सांग, बायाइची खोली कुठी ठेवू?"

"समोर. रस्त्यावरून चूल दिसन, सासू बसन, अशी."

समोर दोघींची क्वार्टर्स होती, शेजारीशेजारी. संध्याकाळपर्यंत रंजीतानं आपली पेटी उचलली आणि ती मागच्या खोलीत राहायला गेली. दुर्गा बघतच राहिली. इथेही तीच पुढे! आपलं क्वार्टर देणं आपल्याला का सुचलं नाही, या जळफळाटात तिला जेवण गेलं नाही.

मंगली आली, सासूला आणि दोन कोंबड्यांना घेऊन. आठवड्याभरात नाल्याला पूर आला आणि मंगलीला मुलगी झाली, दुर्गाच्याच हातांवर. पोर खणखणीत रडली, तशी दुर्गाही रडली.

"नाव काय ठेवता?" तिनं डोळे पुसत विचारलं. उत्तर तिला ठाऊकच होतं.

"जिनं आपलं घर देल्लं तिचंच," सासू म्हणाली. "रंजीता."

आता ती पोर लस घ्यायला येते तेव्हा दुर्गाशिवाय कुणाकडे गप्प राहत नाही. मग तिला खांद्यावर टाकून, "रंजीता, माही बाई ते, माही सोन्याची रंजीता," असं म्हणत दुर्गाला आवारभर फिरावं लागतं, आणि मोठी रंजीता ते उभी राहून ऐकत असते.